वसंताची नोंदवही

इ. स. १७६६ सालच्या मार्च महिन्याची ३० तारीख. अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत, शॅडवेल नांवाच्या एका मळ्यावर, वयाचीं तेवीस वर्षेंही पुरीं न झालेला एक तरुण कोरी वही उघडतो आणि तिच्यांत पहिली नोंद करतो ती एवढीच कीं, जांभळा हायासिंथ उमलूं लागला. पुढच्या आठवड्यांत दुसरी नोंद: नर्गिसाचीं फुलें उघडलीं. त्यानंतर तिसरी: अमुक रानफूल गळून गेलें. वर्णन नाहीं, अलंकार नाहीं, मनाला काय वाटलें याचा उच्चारही नाहीं. तरीपण ज्यानें कडक हिवाळ्यानंतर स्वतःच्या हातानें लाविलेल्या कंदाचा पहिला हिरवा कोंब मातीबाहेर डोकावतांना पाहिला असेल, त्याला त्या कोरड्या ओळीखालचा आनंद ओळखूं आल्यावांचून राहणार नाहीं.

हा तरुण म्हणजे थॉमस जेफरसन. पुढें दहा वर्षांनीं अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यानेंच लिहिला. १८०१ पासून १८०९ पर्यंत तो त्या राष्ट्राचा तिसरा अध्यक्ष होता. त्याच्या राजकारणावर शेंकडो ग्रंथ झाले आहेत. परंतु ३० मार्चला उघडलेली ती बागेची वही त्यानें मध्यंतरीं कांहीं खंड पडले तरी अखेरपर्यंत टाकली नाहीं. तींतील शेवटची नोंद १८२४ सालच्या शरद ऋतूंतील आहे; म्हणजे पहिल्या हायासिंथनंतर तब्बल अठ्ठावन्न वर्षांनीं. आज ती वही बोस्टन शहरांतील मॅसॅच्युसेट्स इतिहास मंडळाच्या संग्रहांत आहे, आणि १९४४ सालीं एडविन बेट्स या वनस्पतिशास्त्रज्ञानें ती जेफरसनच्या पत्रांतील उताऱ्यांसह छापून प्रसिद्ध केली.

आपल्या देशांत वसंत येतो तो उन्हाच्या झळा बरोबर घेऊन. पळस फुलतो, आंबा मोहोरतो, कोकिळा बोलूं लागते. परंतु भूमि त्याच वेळीं सुकत चाललेली असते, आणि शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतात ते मृग नक्षत्राकडे. व्हर्जिनियांतील गोष्ट निराळी. तेथें हिवाळ्यांत झाडें निष्पर्ण होतात, माती थिजून दगडासारखी होते, बर्फ पडतें, आणि माणसाच्या ताटांत खारवलेल्या मांसावांचून व तळघरांत सांठवलेल्या कंदमुळांवांचून फारसें कांहीं उरत नाहीं. फेब्रुवारीच्या मध्यास माती थोडी भुसभुशीत झाली कीं माळी वाटाणा पेरतो आणि रोज सकाळीं आकाशाकडे पाहूं लागतो. एका अर्थीं वसंत हाच तेथील मृग होय. सर्व वर्षाची आशा त्याच्यावर टांगलेली असते, आणि दगा देण्याची खोडही त्याला मृगासारखीच असते.

जेफरसनची आशा हिशेबी होती, हें त्याच्या वहीवरून आरंभींच दिसून येतें. १७६७ च्या फेब्रुवारीच्या २० तारखेस त्यानें वाटाण्याचे दोन वाफे पेरले. एक अगदीं लवकर येणाऱ्या जातीचा, दुसरा मध्यम. पेरण्यापूर्वीं त्यानें पांचशें दाणे मोजून त्यांचें वजन केलें, आणि एका पाइंटाच्या मापांत सुमारें अडीच हजार दाणे मावतात असेंही लिहून ठेवलें. वाटाणे मोजीत बसलेल्या या कायद्याच्या विद्यार्थ्याकडे पाहून कोणास हसूं येईल. परंतु ज्या पिकाची आपल्याला खात्रीच नाहीं, त्याचे दाणे कोण मोजील? मोजणें हाही भरंवशाचाच एक प्रकार आहे.

१७६८ सालीं शॅडवेलजवळच्या सुमारें साडेआठशें फूट उंचीच्या एका टेकडीचा माथा सपाट करण्यास त्यानें आरंभ केला. या टेकडीस त्यानें मॉन्टिचेलो, म्हणजे इटालियन भाषेंत ‘लहानशी टेकडी’, असें नांव दिलें. पुढल्याच वर्षीं उतारावर फळझाडें लागलीं. १७७४ चा वसंत तर मोठ्या थाटानें आला. आदल्या वर्षाच्या अखेरीस फिलिप माझ्झेई नांवाचा एक इटालियन गृहस्थ अमेरिकेंत द्राक्षांची लागवड करण्याच्या उमेदीनें येऊन शेजारींच राहिला होता. त्याच्याबरोबर टस्कनींतील कसबी द्राक्ष-बागायतदार होते. मार्चच्या अखेरीस ६६८ फूट लांब व ८० फूट रुंद अशी भाजीपाल्याची जागा आंखली गेली. एप्रिलांत त्या टस्कन माणसांच्या देखरेखीखालीं द्राक्षाचे तीस वेल लावण्यांत आले. इटलींतून आणलेलें तऱ्हेतऱ्हेचें बियाणें वाफ्यांत पडलें.

आणि मग मे महिन्याची ४ तारीख आली. समोरच्या ब्लू रिज पर्वतावर बर्फ पसरल्याची नोंद वहींत आहे. त्या रात्रीं पडलेल्या कडाक्याच्या हिमानें गहूं, राय, मका, तंबाखूचीं रोपें, इतकेंच काय पण चांगलीं वाढलेलीं तरुण झाडेंही करपलीं. वृक्षांचीं पानें मेलीं, द्राक्षवेलींचे सर्व कोंब गेले, आणि मॉन्टिचेलोवरील जवळजवळ निम्मीं फळें नाश पावलीं. हें सगळें त्यानें ओळीनें लिहून काढलें, आणि तेंही हायासिंथची नोंद ज्या स्वरांत केली होती त्याच स्वरांत. द्राक्षांचा मद्य गाळण्याजोगा मळा करण्याचे त्याचे प्रयत्न पुढेंही अनेक वेळां फसले. तरी नव्या वेलांची मागणी करणारीं त्याचीं पत्रें कांहीं थांबलीं नाहींत.

राज्यक्रांतीचें युद्ध चालूं असतां वहींतल्या नोंदी विरळ झाल्या. १७८२ सालीं मात्र त्यानें कोणतें फूल केव्हां उमललें आणि केव्हां ओसरलें याचा तक्ता मांडला. त्या वर्षाच्या मे महिन्यांत त्याच्या पत्नीला कन्या झाली. त्या बाळंतपणांतून ती उठली नाहीं, आणि ६ सप्टेंबर रोजीं तिचा अंत झाला. फुलांचा तो तक्ता त्याच घरांत, त्याच महिन्यांत भरला जात होता. त्यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाहीं.

पुढें पांच वर्षें तो वकील म्हणून फ्रान्समध्यें राहिला. तेथें पॅरिसच्या राजोद्यानाचे मुख्य आंद्रे तूअँ यांच्याशीं त्याचा स्नेह जडला, आणि त्यांच्याकडून बियाण्याच्या पुड्या पुढें कित्येक वर्षें अटलांटिक ओलांडून येत राहिल्या. १७८७ सालीं तो उत्तर इटलींत गेला असतां तेथील साळीचें बीं राज्याबाहेर नेण्यास देहान्ताची शिक्षा होती. त्यानें कोटाच्या खिशांत मावेल तेवढें भात आणलेंच, आणि तें दक्षिण कॅरोलायनांतील शेतकऱ्यांकडे पाठवून दिलें. आपल्या देशाच्या लागवडींत एका उपयुक्त वनस्पतीची भर घालणें, यासारखी दुसरी देशसेवा नाहीं, असें त्याचें मत होतें.

घरापासून दूर असतांना वसंताची वार्ता मिळविण्याची त्याची धडपड मोठी हृद्य आहे. १७९१ च्या मार्चांत, फिलाडेल्फियांत परराष्ट्रमंत्री असतां, त्यानें आपल्या बारा वर्षांच्या धाकट्या मुलीला पत्र लिहिलें. २७ फेब्रुवारीला आपल्याला काळे पक्षी आणि रॉबिन दिसले, ७ मार्चला या वर्षींचा पहिला बेडूक ऐकला, असें तिला कळवून तो विचारतो कीं, घरीं हें सारें केव्हां घडलें? वाटाणा केव्हां वर आला, तो ताटांत केव्हां पडला, कोंबडीचीं पहिलीं पिलें केव्हां बाहेर पडलीं, कोणत्या झाडाला केव्हां मोहोर आला, तें सर्व टिपून धाड. म्हणजे दोन ठिकाणच्या हवामानाची आपल्याला तुलना करतां येईल. हवामानाच्या तुलनेचें निमित्त खरेंच होतें. परंतु मुलीनें दाराबाहेर येऊन वसंताकडे पाहावें, आणि तिच्या डोळ्यांनीं आपल्यालाही तो पाहतां यावा, हा हेतु काय कमी खरा होता?

अध्यक्षपदावर असतांनाही हा छंद सुटला नाहीं. वॉशिंग्टनच्या बाजारांत सदतीस प्रकारच्या भाज्या वर्षांत प्रथम केव्हां येतात आणि शेवटीं केव्हां दिसतात, याचें आठ वर्षांचें कोष्टक त्यानें तयार केलें. राष्ट्राचा प्रमुख यादवी तंट्यांत आणि युरोपच्या युद्धांनीं निर्माण केलेल्या पेंचांत गुंतलेला. आणि त्याच टेबलावर मुळा, पालक, शतावरी यांच्या तारखांचा कागद!

१८०९ च्या मार्चांत अधिकारसूत्रें खालीं ठेवून तो कायमचा घरीं निघाला. वाट चिखलानें भरलेली. शेवटचे तीन दिवस तर त्यानें घोड्यावरून काढले, आणि त्यांत आठ तास भयंकर हिमवर्षावांतून मार्ग आक्रमिला. त्या वेळीं त्याला सहासष्ट वर्षें पुरीं होण्यास एक महिनाही उरला नव्हता. १५ मार्चला तो पोंचला तों काय पाहतो? वसंत फार मागें पडलेला. ओट पेरले गेले नव्हते, बागेंत काम जवळजवळ कांहींच झालें नव्हतें. मागून आलेल्या अध्यक्षास, मॅडिसनला, त्यानें दोनच दिवसांनीं हें सर्व लिहून कळविलें. आणि तो कामास लागला.

या वेळेपर्यंत टेकडीच्या आग्नेयेकडील उतारावर भाजीची नवी बाग सिद्ध होत आली होती. डोंगर कोरून व भर घालून एक हजार फूट लांब आणि ऐशीं फूट रुंद असें सपाट पठार काढलें होतें, आणि त्याला खालून दगडी भिंतीचा आधार दिला होता. ही भिंत कांहीं ठिकाणीं बारा फूट उंच होती. जागेची निवड मोठी विचारपूर्वक केलेली. हिवाळ्यांतला तिरपा सूर्य या उतारावर सरळ पडतो. थंड हवा जड असल्यामुळें ती उतरून खालच्या दरींत जाते, आणि खोलगट जमिनींत हिम पडून पिकें जळत असतां टेकडीवरचे वाफे वांचतात. बागेचे चौवीस चौक पाडलेले होते. पानांच्या, फळांच्या आणि मुळांच्या भाज्या वेगवेगळ्या. जेफरसनच्या हयातींत या बागेंत तीनशेंहून अधिक वाण आजमावले गेले.

दरवर्षीं बागेचें एक पंचांगच तो मांडीत असे. कोठें पेरलें, केव्हां पेरलें, केव्हां रोपें हलविलीं, केव्हां ताटांत आलें, केव्हां संपलें, आणि शेवटीं शेरा, असे त्याचे रकाने. कोशिंबिरीच्या सलाडची पानें सदा कोंवळीं मिळावीं म्हणून १ फेब्रुवारीपासून १ सप्टेंबरपर्यंत दर सोमवारीं सकाळीं शिवणाच्या अंगुस्तानांत मावेल एवढेंच बीं पेरावें, असा त्याचा नियम होता. परंतु त्याचा जीव खरा वाटाण्यावर. शेजारपाजारच्या मळेवाल्यांत अशी पैज असे कीं, ज्याच्या बागेंतला वाटाणा आधीं तयार होईल, त्यानें बाकीच्यांना जेवणास बोलवावें. बहुधा जॉर्ज डायव्हर्स नांवाचे शेजारी जिंकत. घरांतील आठवण अशी सांगतात कीं, एका वर्षीं मॉन्टिचेलोचाच वाटाणा आधीं आला. घरच्यांनीं आठवण करून दिली तेव्हां जेफरसननें त्यांना गप्प बसविलें. आपण कधीं हरत नाहीं हें समाधान आपल्या मित्राला असूं द्यावें, हेंच बरें, असें त्याचें म्हणणें पडलें.

पंचांगाचा शेवटला, शेऱ्याचा रकाना मात्र वाचण्याजोगा आहे. आलें नाहीं, किडीनें खाल्लें, अवर्षणानें गेलें, हिमानें मेलें, असे शेरे त्यांत जागोजाग आढळतात. १८१५ सालीं पूर्वेकडील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, आणि त्यानें सूर्यप्रकाश अडल्यामुळें १८१६ सालीं उत्तर गोलार्धांत उन्हाळाच जणूं आला नाहीं. हें कारण तेव्हां व्हर्जिनियांत कोणासच ठाऊक नव्हतें. जेफरसननें मात्र आपल्या संवयीप्रमाणें मापें घेतलीं: जून महिन्यांत सरासरीनें पावणेचार इंच पाऊस पडावयाचा, तो एक तृतीयांश इंच पडला, ऑगस्टांत नऊ इंचांच्या वर पडावयाचा, तो एक इंचही भरला नाहीं. मक्याचें पीक बुडालें. आणि पुढच्या फेब्रुवारींत? वाटाणा पुन्हा वाफ्यांत होता.

ही चिकाटी कोठून येत असे, याचा उलगडा त्यानें स्वतःच १८११ सालीं चार्ल्स पील या चित्रकार मित्राला लिहिलेल्या पत्रांत केला आहे. त्याचा भावार्थ असा: बागेंत इतके प्रकार असतात कीं, कांहीं ना कांहीं नेहमीं पूर्णत्वास येत असतें, एक गेलें तर दुसरें त्याची भरपाई करतें, आणि शेतकऱ्याच्या पदरीं वर्षाकांठीं एकच सुगी पडते, तर माळ्याची सुगी बाराही महिने चालूं राहते. आपण वयानें म्हातारे झालों असलों तरी बागकामांत अजून नवशिकेच आहों, असेंही तो सांगतो. अडुसष्ट वर्षांच्या माणसानें स्वतःस नवशिका म्हणवून घेणें हा केवळ विनय नव्हे. नवशिक्याच्या पुढें शिकावयाचें पुष्कळ असतें, आणि म्हणून त्याला पुढच्या वर्षाची गरज असते.

या आनंदाचें सर्वांत सुरेख चित्र त्याची नात एलेन हिनें रेखाटून ठेवलें आहे. घराभोंवतालच्या हिरवळींत फुलांचे वाफे केलेले होते. फिलाडेल्फियाचे बीजविक्रेते बर्नार्ड मॅक्मॅहन यांजकडून ट्यूलिपचे व हायासिंथचे कंद येत, आणि प्रत्येक वाणाचें नांव मोठें डौलाचें असे. कोणी मार्कस ऑरेलियस, कोणी ॲमेझॉनांची राणी, कोणी सोन्याच्या खाणीचा राजा. शरदांत कंद मातींत जात, आणि प्रत्येकाशेजारीं नांव लिहिलेली काडी रोवली जाई. मग वसंत आला कीं नातवंडें रोज वाफ्यावर वांकून पाहात. आणि एखाद्या काडीशीं हिरवें टोंक दिसलें रे दिसलें कीं, मार्कस ऑरेलियस वर येत आहे, ही बातमी आजोबांना देण्यासाठीं धांवत सुटत. आजोबांचा आनंदही नातवंडांच्या आनंदाहून तिळभर कमी नसे.

परंतु एलेनच्याच आठवणींत आणखी एक मनुष्य उभा आहे. आजोबा आंखणीची दोरी घेऊन चालत, आणि त्यांच्यामागून कुदळ व फावडें घेऊन येई तो वर्मली. वर्मली ह्यूझ हा १७८१ सालीं मॉन्टिचेलोवरच गुलाम म्हणून जन्मला. लहानपणीं त्यानें खिळे घडविण्याच्या कारखान्यांत काम केलें. पुढें रॉबर्ट बेली नांवाच्या स्कॉटिश माळ्याच्या हाताखालीं तो बागकाम शिकला. मार्कस ऑरेलियस ज्या खळग्यांतून वर येई, तो खळगा वर्मलीनें खणलेला असे. डोंगर कोरून काढलेलें तें हजार फुटांचें पठार आणि ती दगडी भिंत, हीं दोन्ही दास्यांत असलेल्या माणसांच्याच हातांनीं झालीं. सर्व माणसें समान आहेत असें ज्या लेखणीनें जगाला सांगितलें, तिच्या मालकानें आयुष्यभरांत सहाशेंहून अधिक माणसें मालमत्ता म्हणून बाळगलीं. वाटाणा केव्हां फुलला हें त्याच्या वहींत आहे. तो पेरणाऱ्या हातांचें नांव क्वचित् आहे.

तथापि त्या हातांनाही स्वतःचा वसंत होता. आपापल्या खोपटांजवळ गुलाम कुटुंबें रविवारीं आणि दिवसाचें काम संपल्यावर आपल्या भाजीचे तुकडे कसत, कोंबड्या पाळीत. १८०५ ते १८०८ या वर्षांत जेफरसनची थोरली नात ॲन हिनें घरखर्चाचा हिशेब ठेवला. त्यांत या लोकांकडून विकत घेतलेल्या काकड्या, कोबी, अंडीं, कोंबड्या यांची पैशांसह नोंद आहे. हजार फुटांची बाग असलेल्या मोठ्या घराला ज्यांच्यापाशीं स्वतःचा देहही स्वतःचा नव्हता त्यांच्याकडून भाजी घ्यावी लागे, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. दिवसभर दुसऱ्याच्या मातींत राबून सांजवेळीं आपल्या चार हात जागेंत जो बीं टाकतो, त्याच्या आशेला कोणतें माप लावावें?

जेफरसन १८२६ सालच्या जुलैच्या ४ तारखेस, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यास बरोबर पन्नास वर्षें झालीं त्या दिवशीं, निवर्तला. त्याच्यासाठीं थडग्याचा खड्डा वर्मलीनें खणला. मागें एक लाख सात हजार डॉलरांहून अधिक कर्ज राहिलें होतें. मृत्युपत्रानें मुक्त केलेल्या पांच जणांत वर्मलीचें नांव नव्हतें. जेफरसनच्या मुलीनें त्याला अनौपचारिकपणें मोकळें केलें. परंतु १८२७ च्या जानेवारींत मॉन्टिचेलोवर जो लिलांव झाला, त्यांत सुमारें एकशें तीस माणसें विक्रीस उभीं करण्यांत आलीं, आणि वर्मलीची बायको अर्सुला व तिचीं मुलें हीं त्यांतच होतीं. हिवाळा ऐन भरांत होता. फेब्रुवारी आला, त्या वर्षीं वाफ्याशीं कोण उभें होतें, हें वहींत लिहिलेलें नाहीं, कारण वही लिहिणाराच उरला नव्हता.

मालक बदलले, बाग रानानें गिळली. १९२३ सालीं एका स्मारक संस्थेनें टेकडी विकत घेतली. १९३९ ते १९४१ या काळांत व्हर्जिनियाच्या उद्यान मंडळानें जेफरसनच्या आराखड्यांवरून फुलांचे वाफे पुन्हा आंखले. १९७९ पासून पुरातत्त्वज्ञांनीं उतारावर उत्खनन करून भिंतीचा पाया व कुंपणाच्या खुंटांच्या जागा शोधून काढल्या, आणि त्यांच्या आधारें भाजीची बाग पुन्हा उभी राहिली. ज्या तारखा नातवंडांना थट्टेच्या वाटत असतील, त्याच तारखांनीं वाफे पुन्हा भरतां आले. आतां तेथें वर्मलीचें नांवही सांगितलें जातें.

माळ्याचा आशावाद हा भोळा नसतो. मे महिन्यांतलें हिम त्यानें पाहिलेलें असतें, किडीचा शेरा त्यानेंच लिहिलेला असतो. तरीही तो पुन्हा दाणे मोजतो. जेफरसनच्या वहीनें ही आशा जतन करून ठेवली, आणि तिच्या समासाबाहेर राहिलेल्या माणसांची आशाही तिच्यामुळेंच आज शोधतां येते. दोहोंत थोर कोणती, याचा निवाडा ज्याचा त्यानें करावा. मार्चच्या अखेरीस त्या टेकडीवर हायासिंथ फुलतो, तो मात्र कुणाच्याही हातानें लावलेला असो, सारखाच जांभळा उमलतो.